घड्याळ किती पाण्यात आहे?

आमच्या शेजारी राहणारा एक तरुण गेल्या दिवाळीत एक गुळगुळीत चित्रपत्रक घेऊन आमच्याकडे आला. मुलगा यंत्रशास्त्र शिकलेला, बऱ्या पगाराच्या नोकरीत असलेला. आणि गेली चार वर्षे दर हिवाळ्यात मालवणास जाऊन, पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरण्याचा त्यास नाद लागलेला. पत्रकावर एका मनगटी घड्याळाचे चित्र होते. ते ३,९०० मीटर खोल पाण्यातही चालते असे त्याखाली छापले होते, आणि त्याची किंमत दहा लाख रुपयांच्या वर होती. आम्ही विचारले, "तू स्वतः किती खोल गेला आहेस?" तो म्हणाला, "अठरा मीटर." मग किंचित वरमून म्हणाला, "काका, हिशेब मलाही येतो. हिनेही कालच सुनावले, की आडात पोहायला गलबत कशाला हवे म्हणून. पण एवढी शहाणी माणसे एवढ्या खोलीचे घड्याळ उगाच करतील का? कोणाला तरी ते कधी तरी लागले असेलच ना?"

घराच्या कर्जाचा मोठा भाग एकदम फेडून टाकावा म्हणून साठविलेले पैसे तो ह्या कामी लावणार होता, ही गोष्ट निघता निघता त्याच्या तोंडून निसटली.

त्याचा शेवटचा प्रश्न इतिहासाचा आहे, व म्हणूनच तो ह्या मालेत मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. अमुक वस्तू कोणास, केव्हा व कशासाठी लागली हे कळले, म्हणजे ती आपणांस हवी की नको हे ठरविणे पुष्कळ सोपे जाते.

मनगटी घड्याळ पाण्यात शिरले ते काही खोलीच्या ओढीने शिरले नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी घड्याळ खिशातून काढून मनगटावर बांधले, आणि धूळ, घाम व पाऊस ही तीन विघ्ने त्याच्यापुढे उभी राहिली. त्यांवर उपाय म्हणून रोलेक्स कंपनीने १९२६ साली ऑयस्टर नावाची, पाठ व चावी मळसूत्राने घट्ट बसणारी डबी काढली. पुढच्याच वर्षी मर्सिडीझ ग्लिट्झ नावाच्या, लंडनमध्ये टंकलेखिकेचे काम करणाऱ्या एका तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. तो दिवस ७ ऑक्टोबर १९२७ हा होता. परंतु थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका बाईने केलेला असाच दावा खोटा निघाला, आणि त्या गडबडीत हिच्याही यशाविषयी लोक कुजबुजू लागले. बिचारीने २१ ऑक्टोबरला त्या गारठलेल्या पाण्यात पुन्हा उडी घेतली. ह्या खेपेस तिच्या गळ्यात रोलेक्सचे घड्याळ होते. दहा तासांहून अधिक वेळ झुंजल्यावर तिला अर्धवट शुद्धीत नावेत ओढून घ्यावे लागले. घड्याळ मात्र बिनचूक चालत होते. २४ नोव्हेंबरच्या 'डेली मेल'चे पहिले पान कंपनीने विकत घेतले, आणि घड्याळाचा पराक्रम साऱ्या इंग्लंडला सांगितला.

वास्तविक ते घड्याळ पाण्याच्या पृष्ठभागापासून हातभरही खाली गेलेले नसावे. बाई थकली, घड्याळ थकले नाही, एवढाच त्या जाहिरातीचा मथितार्थ. ही रीत ध्यानात ठेवावी, कारण पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

घड्याळाची खरी गरज पाण्याखाली निर्माण झाली ती १९४३ नंतर. त्या साली फ्रान्समध्ये कूस्तो व गान्यान ह्या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातून लागेल तेवढीच हवा देणारे यंत्र सिद्ध केले. तोवरचा पाणबुड्या वरच्या नावेला नळीने बांधलेला असे. त्याचा वेळ नावेवरचा माणूस मोजी. आता तो मोकळा झाला, आणि मोकळा झाल्याबरोबर आपला वेळ आपणच मोजण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. नळकांड्यातली हवा किती वेळ पुरेल हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग रक्ताचा आहे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन शरीरात मुरत जातो. माणूस एकदम वर आला, तर गोटी दाबताच सोडावॉटरच्या बाटलीत जो प्रकार होतो तोच त्याच्या रक्तात व सांध्यांत होतो. काही त्यात पंगू होतात, काही दगावतात. किती खोलीवर किती मिनिटे राहिल्यास वाटेत कोठे व किती थांबावे, ह्याची कोष्टके हाल्डेन ह्या शास्त्रज्ञाने १९०८ सालीच मांडली होती. अमेरिकन नौदलाच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे १८ मीटरांवर माणूस तासभर राहून सरळ वर येऊ शके; ४० मीटरांवर हीच मुदत दहा मिनिटांची. तेव्हा दहाची बारा मिनिटे झाली हे न कळणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

म्हणून १९५३ हे वर्ष ह्या कथेत महत्त्वाचे. फ्रेंच नौदलातील पाणबुड्यांच्या तुकडीचे कॅप्टन मालूबिए व लेफ्टनंट रिफो ह्यांना आपल्या माणसांसाठी घड्याळ हवे होते: काळी तबकडी, अंधारात उजळणारे ठसठशीत आकडे, आणि काचेभोवती फिरणारे एक कडे, की ज्यावरील खूण उतरतेवेळी मिनिटकाट्यासमोर आणली म्हणजे किती मिनिटे झाली हे पाहताक्षणी कळावे. स्वित्झर्लंडच्या ब्लाँपें कंपनीचे प्रमुख फिक्टर हे स्वतः हौशी पाणबुडे. वेळेचे भान सुटून एकदा हवा संपता संपता वर आल्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता, असे ते सांगत. त्यांचे घड्याळ तयार झाले व त्याचे नाव पडले 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे पन्नास वाव. वाव हे माप आपल्या कोकणच्या कोळ्यांनाही परिचित आहे. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. नळकांड्यावर जाणाऱ्या माणसाची त्या काळी मानलेली ही शेवटची मर्यादा. माणूस जेथवर, घड्याळ तेथवर. रोलेक्सचे सबमरीनर हे घड्याळही ह्याच सुमारास आले, तेही १०० मीटरांचे. ह्या घड्याळांची किंमत काहीही असो, जो ती बांधून उतरे त्याला ती स्वस्तच होती.

ह्यानंतर माणसाने आणखी खोल जाण्याची युक्ती काढली. खोल पाण्यात नायट्रोजनाची दारूसारखी नशा चढते, म्हणून त्याऐवजी हेलियम वायू प्राणवायूत मिसळू लागले. शिवाय अमेरिकन नौदलातील डॉक्टर जॉर्ज बाँड ह्यांच्या ध्यानात आले, की शरीरात एकदा वायू पुरता मुरला म्हणजे आणखी मुरत नाही. मग त्या दाबाखाली माणूस एक दिवस राहिला काय अन् महिना राहिला काय, वर येण्यास लागणारा वेळ सारखाच. तेव्हा रोज चढउतार करण्यापेक्षा दाब भरलेल्या कोठडीत मुक्काम ठोकावा, तेथूनच कामावर जावे, आणि काम संपल्यावर एकदाच, साधारण तीस मीटरांमागे एक दिवस अशा मंदगतीने, दाब उतरवावा. १९६४ साली बर्म्यूडाजवळ ५८ मीटर खोलीवर 'सीलॅब'मध्ये चार माणसे अकरा दिवस राहिली.

ह्या कोठडीत घड्याळांना एक नवाच रोग जडला. हेलियमचे कण इतके सूक्ष्म, की ज्या रबरी वॉशराने पाण्याचा थेंब आत येत नाही त्यातून ते बिनबोभाट आत झिरपतात. कित्येक दिवसांत घड्याळाच्या पोटात कोठडीइतकाच दाब साठतो. मग कोठडीचा दाब उतरू लागला, की आत कोंडलेला वायू तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही, आणि घड्याळाची काच फट्दिशी उडते. सीलॅबमधील पाणबुडे बॉब बार्थ ह्यांनी ही तक्रार रोलेक्सकडे नेली, असे सांगतात. डबीच्या कडेला एकाच दिशेने उघडणारी बारीक झडप बसविण्यात आली, आणि १९६७ साली 'सी-ड्वेलर' हे ६१० मीटरांचे घड्याळ निघाले. जपानच्या सैको कंपनीने दुसरी वाट धरली. हिरोशिमाजवळच्या कुरे येथील एका पाणबुड्याने १९६८ साली कंपनीस पत्र लिहून, तुमची घड्याळे आमच्या कामास टिकत नाहीत, असे कळविले. कंपनीने त्या एका पत्रापायी सात वर्षे खर्ची घातली. १९७५ साली टिटॅनियम धातूच्या डबीचे ६०० मीटरांचे घड्याळ तयार झाले; त्यातील वॉशराची घडणच अशी, की हेलियम आत शिरू नये. चोर आत आल्यावर त्याला वाट करून देण्यापेक्षा दारच नीट लावावे, हा जपानी विचार आम्हांस अधिक भावतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. हेलियम समुद्राच्या पाण्यातून घड्याळात शिरत नाही. तो कोठडीतल्या वायूतून शिरतो. जो माणूस अशा कोठडीत दिवसचे दिवस राहत नाही, त्याच्या घड्याळावरची ती झडप म्हणजे बंगल्याच्या गच्चीवर बसविलेले दीपगृहच. आपल्याकडे ह्या झडपेचे खरे गिऱ्हाईक कोण, असे विचाराल, तर मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर १९७४ साली तेल सापडले, त्या बाँबे हायच्या नळांवर व खांबांवर काम करणारा पाणबुड्या. तेथे समुद्राची खोली ७५ मीटरांच्या आसपास आहे. म्हणजे १९६७ सालचे घड्याळही त्याला आठपट पुरून उरेल.

आणि घड्याळ कितीही पुरून उरले तरी माणूस उरतोच असे नाही. १७ फेब्रुवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियाजवळ सीलॅबच्या तिसऱ्या प्रयोगात बेरी कॅनन हे पाणबुडे मृत्युमुखी पडले. खोली होती ६१० फूट. आकड्याचा योगायोग पाहा: घड्याळे ६१० मीटरांची बनू लागली होती, आणि माणूस ६१० फुटांवर गेला. त्यांच्या श्वसनयंत्रात उच्छ्वासातील कार्बन वायू शोषून घेणारे रसायन भरलेलेच नव्हते, असे चौकशीत निघाले. मूठभर पावडरीची ती गोष्ट. घड्याळाच्या पत्रकात ही तारीख कोठे छापलेली आमच्या पाहण्यात नाही.

आता थोडे मागे जाऊ. कारण ज्या घड्याळाने आमच्या तरुण मित्रास भुरळ घातली, त्याची वंशावळ ह्या पाणबुड्यांच्या घराण्यातली नाहीच.

ओग्युस्त पिकार ह्या स्विस शास्त्रज्ञाने समुद्राच्या तळाशी जाण्यासाठी 'त्रिएस्त' नावाचे वाहन बांधले. त्याची रचना मोठी मार्मिक होती. माणसे बसण्यासाठी खाली १२.७ सेंटिमीटर जाड पोलादाचा एक गोळा. हा गोळा इतका जड, की एकटा सोडला तर धोंड्यासारखा बुडून कायमचा तळाशी जाईल. म्हणून त्याच्या डोक्यावर पेट्रोलने भरलेली एक प्रचंड टाकी; सुमारे ८५,००० लिटर पेट्रोल तीत मावे. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून ते फुग्याचे काम करी. ही टाकी पातळ पत्र्याची असून चालली, कारण समुद्राचे पाणी तिच्यात खालून मोकळे येऊ दिलेले होते. आतबाहेर दाब सारखाच, मग पत्रा चेपणार कसा? जाड भिंत हवी होती ती केवळ गोळ्याला, कारण आत हवा होती, आणि हवेत श्वास घेणारी दोन माणसे होती.

१९५३ साली पिकार पितापुत्र ह्या वाहनातून इटलीच्या पाँझा बेटाजवळ ३,१५० मीटर खाली गेले. वाहनाच्या बाहेरच्या अंगाला रोलेक्सने खास बनविलेले एक घड्याळ बांधले होते. पुढे वाहन अमेरिकन नौदलाने विकत घेतले. २३ जानेवारी १९६० रोजी पुत्र झाक पिकार व लेफ्टनंट डॉन वॉल्श हे पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९१६ मीटरांवर पोहोचले. उतरण्यास पावणेपाच तासांहून अधिक वेळ लागला. ९,००० मीटरांच्या सुमारास एकदम मोठा आवाज होऊन सगळे वाहन हादरले. प्रवेशाच्या बोगद्यातील एका खिडकीस तडा गेला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले असेल, आणि ते खाली जात राहिले. तळाशी वीसच मिनिटे थांबून ते वर आले. बाहेर बांधलेले घड्याळ चालू होते.

त्या खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १,१०० किलो भार पडतो. तीन सेंटिमीटर व्यासाची काच धरली, तर तिच्यावर साडेसात टनांहून अधिक. दोन थोराड हत्ती एका पैशाएवढ्या जागेवर उभे केल्यासारखे. त्या घड्याळाची काच म्हणूनच अर्ध्या गोट्यासारखी फुगीर होती, आणि ते मनगटावर बांधून कोणी हिंडेल अशी त्याच्या कर्त्यांचीही कल्पना नव्हती. प्रयोग म्हणून त्याची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. पण हे विसरू नये, की त्या दिवशी मनगटे गोळ्याच्या आत, कोरड्या हवेत होती. घड्याळ तेवढे बाहेर होते. पन्नास वावांच्या घड्याळावाचून पाणबुड्याचे अडत होते. ह्या घड्याळावाचून त्या दिवशी कोणाचेच अडले नसते. ते सहप्रवासी होते, मर्सिडीझ ग्लिट्झच्या गळ्यातल्या घड्याळासारखे.

पुढची हकीकत थोडक्यात आटोपते. २००८ साली रोलेक्सने ३,९०० मीटरांचे 'डीपसी' विक्रीस आणले. २६ मार्च २०१२ रोजी चित्रपट-दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन एकटेच मारियाना गर्तेच्या तळाशी गेले, तेव्हा वाहनाच्या यांत्रिक हातावर पुन्हा एक घड्याळ बाहेर बांधलेले होते. २०१९ साली व्हिक्टर व्हेस्कोव्हो गेले, तेव्हा ओमेगा कंपनीची घड्याळे बाहेर होती. २०२२ साली दोन्ही कंपन्यांनी ह्या सहप्रवाशांचे वंशज दुकानात मांडले: ओमेगाने ६,००० मीटरांचे, रोलेक्सने ११,००० मीटरांचे. ह्या दुसऱ्याची काच साडेनऊ मिलिमीटर जाड, वजन २५१ ग्रॅम, किंमत २६,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने वीस लाख रुपयांहून अधिक. पाव किलो भार मनगटाला बांधून कचेरीत बसणारे गृहस्थ डोळ्यांपुढे आणा.

आणि माणूस स्वतः कोठवर गेला? १९८८ साली मार्सेयच्या कोमेक्स कंपनीचे पाणबुडे हेलियम व हायड्रोजन मिश्रित वायू घेत उघड्या समुद्रात ५३४ मीटरांवर काम करून आले. १९९२ साली त्याच कंपनीच्या दाबकोठडीत एकाने ७०१ मीटरांचा दाब सोसला. पण ती कोठडी जमिनीवर होती. म्हणजे समुद्रात माणसाचा हात जेथवर पोहोचला तेथवर पोहोचणारे घड्याळ १९६७ व १९७५ सालीच तयार होते. त्यापुढचे सगळे मीटर हे यंत्रांचे मीटर आहेत. आपल्या नौदलाचे 'निस्तार' हे जहाज जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे दाखल झाले. बुडालेल्या पाणबुडीतल्या खलाशांना वाचविणे हे त्याचे काम. त्यावरील पाणबुड्यांची कमाल मर्यादाही ३०० मीटरच आहे.

आमच्या मित्राने मध्येच एक शंका काढली होती, तीही येथे सांगतो, कारण ती पुष्कळांच्या मनात असते. पाण्यात हात जोराने मारला की दाब फार वाढतो, म्हणून आकडा मोठा असलेला बरा, असे त्यास कोणी सांगितले होते. हिशेब करून पाहावा. सेकंदाला पाच मीटर, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही न साधणाऱ्या वेगाने हात मारला, तरी वाढणारा दाब सव्वा मीटर पाण्याच्या दाबाइतकाच होतो. पाणबुड्याच्या घड्याळासाठी जो आंतरराष्ट्रीय दंडक १९८२ पासून आहे, त्याप्रमाणे प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या आकड्यापेक्षा सव्वापट दाबाखाली तपासावे लागते. तेव्हा २०० मीटरांचे घड्याळ २५० मीटरांचा दाब सोसून आलेले असते, आणि हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटरांची आहे. घड्याळात पाणी शिरते ते बहुधा आकडा लहान म्हणून शिरत नाही. वॉशर वाळून कडक झालेला असतो, किंवा धन्याने चावी नीट पिळलेली नसते. वॉशर बदलून दाबाची परीक्षा करून घेण्यास दहा लाख लागत नाहीत. शिवाय १९८३ पासून मनगटावर बांधण्याची किंवा हातात धरण्याची गणकयंत्रे निघाली आहेत. ती खोली व वेळ दोन्ही मोजून, आता किती मिनिटे उरली व कोठे थांबावे हे क्षणोक्षणी सांगतात. हाल्डेनचे कोष्टक व फिफ्टी फॅदम्सचे कडे ह्या दोघांचे काम त्यांनी उचलले. पाणबुड्याजवळचे घड्याळ आज दुसऱ्या फळीचा शिपाई झाले आहे. गणकयंत्र बंद पडले तर ते हवे, ह्यात शंका नाही. पण त्यास २०० मीटर विपुल झाले.

आणखी एक मौजेची गोष्ट. गेल्या शतकाच्या अखेरीस फ्रँकफुर्टच्या सिन कंपनीने बॅटरीवर चालणारे एक घड्याळ तेलाने काठोकाठ भरून पाहिले. तेल दबत नाही. आतबाहेर दाब सारखा राहतो, मग डबी हजारो मीटर खाली गेली तरी चेपत नाही, आणि साडेनऊ मिलिमीटर काचेचीही गरज राहत नाही. लंबकासारखे चक्र हलणारे यांत्रिक घड्याळ तेलात चालणार नाही, हे खरे. परंतु अशा घड्याळाची किंमत रोलेक्सच्या अंशानेही नाही. ही पिकारच्या पेट्रोलच्या टाकीचीच युक्ती. महाग घड्याळाने त्रिएस्तचा गोळा उचलला, स्वस्ताने टाकी उचलली. गोळ्यात माणसे होती म्हणून जाड भिंतीस अर्थ होता. घड्याळाच्या पोटात कोण बसले आहे?

इतके सांगून झाल्यावर प्रतिपक्षासही न्याय दिला पाहिजे. साडेसात टनांचा भार काचेवर झेलून आतला केसासारखा बारीक स्प्रिंग डुलत ठेवणे ही कारागिरी आहे, आणि कारागिरीवर पैसा खर्च करणारा मनुष्य आम्हांस गुन्हेगार वाटत नाही. पैठणी घेताना ऊब किती, असे कोणी विचारीत नाही. ज्याच्याजवळ पैसा उदंड आहे, ज्याला ती वस्तू सुंदर वाटते, त्याने ती खुशाल घ्यावी. पण दुकानदार पैठणी थंडीवरचा इलाज म्हणून विकत नाही. येथे मात्र गरजेच्या नावाने शोभा विकली जाते. बाँड आणि बार्थ ह्यांच्या घामाची हकीकत पत्रकात घालून त्यांच्याशी नाते नसलेला आकडा गळ्यात बांधला जातो, आणि घराचे कर्ज डोक्यावर असलेला तरुण ती पुरी किंमत द्यायला निघतो.

हे सारे आम्ही त्याला एका रविवारी सकाळी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. पत्रक पुन्हा एकदा उलटून पाहिले, चहाचा पेला खाली ठेवला, आणि म्हणाला, "पण काका, दिसायला सुंदर आहे हो!" आम्ही मान्य केले. घड्याळ खरोखरच देखणे आहे. जाताना पत्रक तो आमच्या मेजावर विसरून गेला, की मुद्दाम ठेवून गेला, हे आम्ही अद्याप त्यास विचारलेले नाही. माघ महिन्यात तो मालवणास जाऊन आला, तेव्हा त्याच्या मनगटावर वडिलांचे जुने २०० मीटरांचे घड्याळ होते, नवा वॉशर घातलेले.